पाऊलवाट कुणाच्या खात्यावर?

पावसाळा तोंडावर आला की आमच्या सातिवलीत दोन गोष्टी घडतात. चिंचोटी, तुंगारेश्वर आणि आसपासच्या धबधब्यांवर जायला मनाई करणारा प्रशासनाचा आदेश वर्तमानपत्रात छापून येतो. आणि त्याच सुमारास दर रविवारी सकाळी महामार्गावरच्या तुंगार फाट्याशी पाठीवर पिशव्या टाकलेल्या पोरापोरींचे घोळके उतरू लागतात. प्रत्येकाच्या हातात मोबाईल, मोबाईलवर नकाशा, नकाशावर निळी रेघ. तरीही कारखान्यांच्या गाळ्यांपाशी येऊन घोळका थबकतो आणि चहाच्या टपरीवर प्रश्न येतो, ‘काका, वर जायची वाट कुठून?’

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. अख्ख्या पृथ्वीचा नकाशा ज्याच्या तळहातावर आहे, त्याला दोन फर्लांगावरची वाट चहावाल्याला का विचारावी लागते? कुणी म्हणेल, हल्लीच्या मुलांना नकाशा वाचता येत नाही. मला ते पटत नाही. माझ्या पिढीपेक्षा ती नकाशे कितीतरी जास्त पाहतात. गोम वेगळीच आहे. नकाशा हाती येणं आणि वाट हाती येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गेल्या पंचवीस वर्षांत पहिली जितकी स्वस्त झाली तितकी दुसरी दुर्मिळ होत गेली. त्याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. मी आयुष्यभर बँकेत हिशेबच मांडले, तेव्हा हाही मांडून पाहतो.

निमित्त माझ्या भाच्याचं. विरारला राहतो, संगणकाच्या कंपनीत आहे. त्याच्या आणि त्याच्या तीन मित्रांच्या डोक्यात एक खूळ शिरलं आहे. नालासोपाऱ्याच्या स्तूपापासून निघायचं आणि नाणेघाट चढून, जुन्नरवरून थेट पैठणला चालत जायचं. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल सातवाहनांच्या काळी घाटावर जायचा तो या अंगाने. नाणेघाटाच्या तोंडाशी राणी नागनिकेचा शिलालेख आहे आणि तो दगडी रांजणही, ज्यात जकातीची नाणी पडत असं आपण शाळेपासून ऐकत आलो. सरळ रेषेत मोजलं तरी हे अंतर अडीचशे किलोमीटरच्या वर भरतं. पायी ते तीनशेच्या पुढे जाणार हे उघड आहे. ‘मामा, सगळं नेटवर मिळतं हो, तुम्ही फक्त शेजारी बसा,’ असं म्हणून त्याने मला संगणकासमोर बसवलं. बसलो. चार रविवार बसलो. त्या चार रविवारांत जे पाहिलं त्यावर हा लेख आहे.

आधी थोडं मागे जाऊ. आम्ही डोंगरात जायला लागलो ते ऐंशीच्या दशकात. तेव्हा नकाशा ही चीज चोरून पाहायची होती. भारतीय सर्वेक्षण विभाग म्हणजे ‘सर्व्हे ऑफ इंडिया’ ही आपली सर्वांत जुन्या खात्यांपैकी एक संस्था, १७६७ सालची. १८०२ मध्ये लॅम्बटनने मद्रासपाशी पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं आणि पुढे अख्खा देश मापून काढला गेला. त्यातून तयार झालेले नकाशे जगात नाव घेण्यासारखे होते. पण सीमेलगतच्या आणि किनाऱ्यालगतच्या पट्ट्याचे तपशीलवार नकाशे ‘निर्बंधित’ असत. आता आपला कोकण म्हणजे किनाराच, आणि सह्याद्री त्याच्या पाठीला पाठ लावून उभा. म्हणजे ज्या मुलखात मराठी माणूस शिवकाळापासून पायी फिरला त्याच मुलखाचा नकाशा त्याला दुकानात मिळत नसे. अर्ज, शिफारस, परवानगी. मग कुठल्या तरी महाविद्यालयाच्या भूगोल विभागातून, कुणाच्या तरी ओळखीने, झेरॉक्सची झेरॉक्स पैदा व्हायची. रंग गेलेले, त्यामुळे नदी कुठली आणि पाऊलवाट कुठली हे अंदाजाने ठरवायचं.

म्हणून आमचे खरे नकाशे पुस्तकांत होते. गोनीदांच्या ‘दुर्गभ्रमणगाथे’ने वेड लावलं. प्र. के. घाणेकरांनी माहिती दिली, आनंद पाळंद्यांच्या ‘डोंगरयात्रे’ने डोंगररांगा आणि घाटवाटा पद्धतशीर लावून दाखवल्या, हरीश कापडियांच्या इंग्रजी पुस्तकाने दिवसांचा हिशेब शिकवला. ‘अमुक वाडीतून वाटाड्या घ्यावा’ हे वाक्य त्या पुस्तकांत जागोजाग असे. ते वाक्य मला आज फार अर्थपूर्ण वाटतं. त्याकडे पुन्हा येऊ.

गंमत पाहा. आपल्या सरकारने कुलूप घातलेला मुलूख बाकीच्या जगाला उघडाच होता. अमेरिकन लष्कराने १९५० च्या दशकात भारताचे नकाशे काढले होते. ते टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने इंटरनेटवर फुकट ठेवले, आणि पुण्या-मुंबईची ट्रेकर मंडळी सह्याद्रीचा नकाशा टेक्सासहून उतरवून घेऊ लागली! सोव्हिएत संघ कोसळल्यावर त्यांच्या लष्कराचे नकाशेही असेच बाहेर आले. त्यात गावांची नावं रशियन लिपीत. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या ‘एंडेव्हर’ यानाने अकरा दिवसांच्या फेरीत रडारने जमिनीचे चढउतार मोजले. त्याच साली २ मे रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतातला मुद्दाम ठेवलेला घोळ काढून टाकला, आणि कुठे आहोत ते सामान्य माणसाला काही मीटरच्या फरकाने कळू लागलं. २००५ मध्ये ‘गूगल अर्थ’ आलं. आमच्या तुंगारेश्वराचं पठार सातिवलीतल्या लोकांनी वरून पाहिलं ते त्यात.

आपल्याकडे जाग आली, पण बँकेच्या भाषेत सांगायचं तर ‘प्रोसेसिंग’ला वेळ लागला. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लष्करासाठी एक आणि जनतेसाठी एक अशा दोन मालिका केल्या. जनतेच्या मालिकेतले नकाशे २०१७ मध्ये ‘नक्शे’ या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेण्याची सोय झाली. सुरुवातीला त्यासाठी आधार क्रमांक द्यावा लागे. फुकट वस्तूलाही ओळखपत्र मागायची आपली सवय जुनी आहे! फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशाविषयक नियम बरेच सैल केले आणि डिसेंबर २०२२ मध्ये नवं भू-अवकाशीय धोरण जाहीर झालं. ‘इस्रो’चं ‘भुवन’ तर २००९ पासून आहेच.

त्यामुळे आज घरबसल्या सगळं काही समोर येतं. भाच्याने पडद्यावर एकावर एक थर लावून दाखवले. खाली सर्वेक्षण विभागाचा पन्नास हजारी नकाशा, म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर दोन सेंटिमीटर. आमचा वसईचा भाग जुन्या क्रमांकात ४७ ए/१५. हा नकाशा मला अजूनही सर्वांत देखणा वाटतो. दर वीस मीटर उंचीला एक समोच्च रेषा, पक्क्या विहिरीची खूण वेगळी, कच्चीची वेगळी. लांब चालणाऱ्याला विहिरीच्या खुणेचं मोल काय ते मे महिन्यात कळतं. पण याचं सर्वेक्षण जुनं. कडे, नाळा, ओढे शेकडो वर्षं बदलत नाहीत, तिथं तो बिनचूक. वस्ती, रस्ते, धरणं यांच्याबाबतीत मात्र तो जुन्या पत्त्यावरच्या पत्रासारखा आहे.

त्यावर दुसरा थर ‘ओपनस्ट्रीटमॅप’चा. याची कहाणी सांगण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये ‘ऑर्डनन्स सर्व्हे’ ही सरकारी नकाशासंस्था १७९१ पासूनची. नकाशे उत्तम, पण त्यातली माहिती वापरायची तर परवाना आणि शुल्क. हे खटकून स्टीव्ह कोस्ट नावाच्या तरुणाने २००४ मध्ये ठरवलं, आपण लोकांनीच नकाशा काढायचा. ज्याने त्याने आपली गल्ली, आपली टेकडी, आपली वाट नोंदवायची आणि ती सर्वांना फुकट. आज जगभरचे स्वयंसेवक हे करतात, त्यात आपल्या सह्याद्रीतलेही आहेत. त्यातूनच ‘ओपनटोपोमॅप’ निघाला, ज्यात या वाटांखाली त्या यानाने मोजलेल्या उंचीच्या रेषा येतात. ‘ऑर्गॅनिक मॅप्स’ किंवा ‘ऑसमँड’ घेतलं तर हेच नकाशे मोबाईलवर साठवून ठेवता येतात आणि रेंज नसताना उघडतात. नाणेघाटाच्या पोटात शिरल्यावर रेंज कुठली! मोटारीच्या रस्त्यांसाठी गूगल ठीक आहे. पण पायी डोंगरात जाताना त्याच्या भरवशावर निघणाऱ्याला मी तरी कर्ज मंजूर करणार नाही.

तिसरा थर म्हणजे चालून आलेल्यांच्या रेघा. स्पेनमधून सुरू झालेल्या ‘विकिलोक’सारख्या ठिकाणी लोक आपण चाललेल्या वाटेची नोंद ठेवतात आणि ती फाईल आपण आपल्या मोबाईलवर घ्यायची. आपल्याकडे डोंबिवलीच्या ‘ट्रेक क्षितिज’ संस्थेने किल्ल्यांची माहिती मराठीत घालून ठेवली आहे, हे काम मोठं आहे.

आता या रेघांविषयी. बँकेत आमच्याकडे कर्जाची फाईल यायची तेव्हा आम्ही कागद किती आहेत ते पाहत नसू. कागद कुणी दिला, कधीचा आहे आणि त्याला दुसऱ्या कागदाचा आधार आहे का, हे पाहत असू. नेटवरची रेघ पाहताना हे तीन प्रश्न कुणी विचारत नाही. ती रेघ म्हणजे वाट नव्हे. ती एका माणसाच्या एका दिवसाची हालचाल आहे. तो जानेवारीत गेला असेल तर ओढा कोरडा होता. त्याच्याबरोबर वाडीतला माणूस असेल तर कड्याच्या टप्प्यावर त्याने हात दिला होता. हे रेघेत उतरत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, चुकलेल्या माणसाची रेघही तितकीच निळी आणि तितकीच सलग दिसते. भाच्याने माहुलीच्या रानातल्या दोन रेघा दाखवल्या. एक नीट वर गेलेली. दुसरी मध्येच एका नाळेत उतरून, घुटमळून, परत फिरलेली. दोन्हींखाली पाहणाऱ्यांच्या पसंतीच्या खुणा होत्या.

नकाशाला ऋतू नसतो हे तर आपण विसरूनच गेलो आहोत. जानेवारी २०२१ मधली गोष्ट अनेकांना आठवत असेल. पुण्याहून तिघे जण कळसूबाईला निघाले होते. रात्रीची वेळ, मोबाईलवरचा नकाशा दाखवील तो रस्ता. अकोले तालुक्यात कोतूळजवळ तो रस्ता ज्या पुलावरून जात होता तो पूल धरणाच्या पाण्याखाली होता. वर्षातले आठ महिने तो वापरात, चार महिने पाण्यात. गावातल्या पोरासोरांना हे ठाऊक. नकाशाला ठाऊक नव्हतं. मोटार सरळ पाण्यात गेली आणि चालवणाऱ्याचा अंत झाला. आमच्या शेजारचं चिंचोटी घ्या. जुलै २०१८ मध्ये तिथल्या धबधब्यावर गेलेली शंभराहून जास्त माणसं ओढ्याला अचानक पाणी आल्याने अडकली, एक जण दगावला. सकाळी ज्या ओढ्यातून ती मंडळी घोट्याइतक्या पाण्यातून गेली असतील, तोच ओढा परतीच्या वेळी भिंतीसारखा उभा. मोबाईलवर तो सकाळ-संध्याकाळ एकाच जाडीची निळी रेघ.

आणि इर्शाळवाडी. इर्शाळगडावर जाणारा प्रत्येक जण त्या वाडीत थांबलेला, पाणी प्यालेला. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली आणि वाडी गेली. त्या आधी काढून ठेवलेल्या वाटांच्या नोंदींत ती वाडी अजून आहे. गडाच्या आधीचा शेवटचा थांबा म्हणून.

इथवर जे सांगितलं ते तंत्राचं झालं. त्याला उपाय आहेत. रेघेवर तारीख बघा, एकाऐवजी चार रेघा ताडून बघा, जुन्या नकाशातल्या रेषांवर ती घालून पाहा, पावसाळ्याची रेघ उन्हाळ्यात आणि उन्हाळ्याची पावसाळ्यात वापरू नका. पण मला सतावतो तो प्रश्न वेगळा आहे, आणि तो आमच्या सातिवलीच्या गाळ्यांपाशीच उभा आहे. ही वाट कुणाची?

मी काही वर्षं शहापूर भागात शेतीकर्जाचं टेबल सांभाळलं. जमीन तारण घ्यायची तर सात-बारा, फेरफार, गटाचा नकाशा आणि चतुःसीमा पाहायची. आणि एक प्रश्न हमखास: जमिनीला रस्ता आहे का? रस्ता नसेल तर जमिनीचा भाव निम्म्यावर. त्यासाठी आम्ही तलाठ्याकडे जाऊन गावनकाशा पाहायचो. कापडावर चिकटवलेला, घड्यांवर फाटलेला तो कागद. त्यावर गाडीवाट दुहेरी तुटक रेघेने दाखवलेली असे आणि पाऊलवाट एकेरी तुटक रेघेने. इंग्रजी अमदानीतल्या महसुली मोजणीपासून चालत आलेली ही पद्धत. म्हणजे एखाद्या वाडीतून ओढ्यावर, ओढ्यावरून देवळाला आणि देवळापासून शेजारच्या गावाला जाणारी पाऊलवाट ही नुसती माणसांच्या पायांनी पडलेली नव्हे. सरकारदरबारी ती नोंदलेली आहे. ती अडवली तर मामलेदार कोर्टाच्या १९०६ च्या कायद्याने तहसीलदाराकडे दाद मागता येते. शेतकरी अजूनही मागतात.

आपल्या लांब पल्ल्याच्या वाटेचा खरा नकाशा हा आहे. आणि तोच नेटवर धड दिसत नाही. राज्याच्या भूमी अभिलेख खात्याने गावनकाशे संगणकावर आणले आहेत, ‘महाभूनकाशा’वर आपला गट क्रमांक घालून शेजारीपाजारी पाहता येतात, ही सोय उत्तमच. पण तिथं ठळक असतात त्या मालकीच्या हद्दी. एका गावची तुटक रेघ पुढच्या गावात कुठं शिरते ते सलग पाहायला मिळावं अशी व्यवस्था मला तरी तिथं सापडली नाही. जो तो आपल्या गटापुरता पाहतो. सात गावं ओलांडून जाणाऱ्या वाटेचा खातेदार कुणीच नाही.

खातेदार नसलेल्या वस्तूचं काय होतं ते बँकेतल्या माणसाला सांगायला नको. आमच्या सातिवलीत, गोखिवऱ्यात एकेकाळी भातखाचरांच्या बांधावरून लोक तुंगारेश्वराला जात. आज तिथं गाळे आहेत, गोदामं आहेत, भिंती आहेत. पोटापाण्याचे उद्योग आहेत ते, त्यांना नावं ठेवण्याचा हेतू नाही. पण खाचर बिनशेती झालं तेव्हा बांधावरच्या वाटेचं काय झालं, हे कुणी कुणाला विचारलं नाही. महामार्गाच्या पलीकडे जायला पायी माणसाला जीव मुठीत धरावा लागतो. म्हणून पोरं गाळ्यांपाशी थबकतात. उपग्रहाला छप्पर दिसतं. छपराखालून गेलेला हक्क उपग्रहाला कसा दिसणार?

इंग्लंडमध्ये यावरून मोठा झगडा झाला. १९३२ मध्ये किंडर स्काउट नावाच्या टेकडीवर शेकडो कामगार मुद्दाम घुसले, त्यातल्या काहींना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ च्या कायद्याने तिथल्या स्थानिक संस्थांनी सार्वजनिक पाऊलवाटांचा अधिकृत नकाशा करायचा असं ठरलं. एकदा वाट त्या नकाशावर आली की शेतमालकाला ती बंद करता येत नाही. अमेरिकेत ॲपलाचियन ट्रेल ही साडेतीन हजार किलोमीटरची वाट १९३७ मध्ये पुरी जोडली गेली आणि १९६८ मध्ये तिला कायद्याचं संरक्षण मिळालं. झाडांवर पांढरे पट्टे, देखभाल स्वयंसेवकांच्या मंडळांकडे. १९५५ मध्ये एमा गेटवूड नावाच्या सदुसष्ट वर्षांच्या आजी खांद्यावर एक पिशवी टाकून, साधे कॅनव्हासचे बूट घालून ही वाट एकटीने चालून गेल्या. त्यांच्याजवळ तंबू नव्हता, नकाशाही नव्हता. पट्टे होते. (मी सदुसष्टचा व्हायला अजून अवकाश आहे, हे घरी वाचून दाखवलं तर कुणाला आवडलं नाही.)

कुणी म्हणेल, आपल्याकडे लांब चालण्याची परंपराच कुठं आहे? उलट आहे! आळंदी ते पंढरपूर लाखो माणसं चालतात आणि त्यांना नकाशा लागत नाही, कारण तिथं वेळापत्रक हाच नकाशा आहे. कुठल्या तिथीला मुक्काम कुठे, विसावा कुठे, हे छापील मिळतं आणि त्या त्या गावाला ते पाठ असतं. दुसरं उदाहरण नर्मदा परिक्रमेचं. तेराशे किलोमीटरची नदी, दोन्ही काठ, नदी उजव्या हाताला ठेवायची आणि ओलांडायची नाही, एवढाच नियम. जगन्नाथ कुंट्यांच्या ‘नर्मदे हर हर’नंतर मराठी माणूस मोठ्या संख्येने तिकडे जाऊ लागला. पण सरदार सरोवराचं पाणी चढत गेलं, २०१७ मध्ये धरण पूर्ण उंचीला भरण्याची वाट मोकळी झाली, आणि शूलपाणीच्या झाडीतली काठाकाठाची जुनी वाट पाण्याखाली गेली. परिक्रमा थांबली नाही. वाट वर सरकली. काठच्या माणसांनी नवे मुक्काम दिले, चालणाऱ्यांनी ते पुढच्याला सांगितले, आज ते मोबाईलवरही फिरतात. वाट टिकली ती काठावर तिला सांगणारी माणसं होती म्हणून.

आता ‘वाटाड्या घ्यावा’ या जुन्या वाक्याकडे येतो. सह्याद्रीतली जवळजवळ प्रत्येक घाटवाट ही कुणी ट्रेकरने शोधलेली नाही. ती वारली, कातकरी, ठाकर, महादेव कोळी यांच्या रोजच्या पायाखालची. बाजाराला, सासरी-माहेरी, लाकूडफाट्याला जायची. आम्ही त्यांच्या मागून गेलो. आज त्या वाडीतल्या एखाद्या पोराच्या मागून एकदा जायचं, रेघ मोबाईलवर घ्यायची आणि नेटवर टाकायची, की पुढच्या पाचशे जणांना त्याची गरज उरत नाही. त्याची दिवसाची मजुरी गेली. रेघ ज्या परदेशी कंपनीच्या कोठारात गेली तिथं तिची चांगली सोय हवी असेल तर वर्षाची वर्गणी भरा. मूळ ठेवीदाराला व्याज शून्य. मी नोकरीत असतो तर अशा व्यवहारावर शेरा मारला असता.

शिवाय पाचशे जण आल्यावर त्या जागेचं काय होतं? भिऱ्याजवळचा देवकुंड धबधबा पाहा. नेटवर गाजला, गर्दी उसळली, माणसं बुडाली, बंदी आली. आधी रेघ, मग गर्दी, मग अपघात, मग बंदी असा हा क्रम ठरून गेला आहे, आणि बंदी लागू होते ती वाडीतल्या चहावाल्यालासुद्धा. अपघात झाला की रात्री-अपरात्री धावून जातात ती गिर्यारोहण संस्थांची पोरं आणि तेच वाडीकर. त्यांच्या जिवावर आपण रेघा काढतो.

तुंगारेश्वराचाच विचार करा. २००३ मध्ये हे सुमारे पंच्याऐंशी चौरस किलोमीटरचं रान अभयारण्य झालं. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि तानसा यांच्यामधला हा दुवा, बिबट्यांच्या जाण्या-येण्याचा. देवळाची वाट सगळ्यांची आहे. पण पठारावरून पलीकडे उतरणाऱ्या वाटा नेटवरच्या नकाशांत दिसतात म्हणून त्या मोकळ्या आहेत असं नव्हे, वन्यजीव कायद्याने अभयारण्यात शिरायला परवानगी लागते. नकाशा हे सांगत नाही. वनखात्याने ते सांगणारा स्वतःचा नकाशा काढावा, अमुक वाट अमुक महिन्यांत खुली, अमुक वाट कायम बंद, बरोबर अमुक गावचा माणूस घ्यावा लागेल, एवढं त्यावर छापावं. नुसत्या मनाईच्या आदेशाने लोक थांबत नाहीत हे आपण दर पावसाळ्यात पाहतो. ज्याला रीतसर जायचं आहे त्याला रीत तरी दिसू द्या. गावनकाशांवरच्या तुटक रेघा सलग जोडून खुल्या केल्या, त्यावर काय जाहीर करायचं आणि काय वाडीपुरतं ठेवायचं हे ग्रामसभांना ठरवू दिलं, तर मला वाटतं निम्मा प्रश्न सुटेल. सर्वेक्षण विभाग, भूमी अभिलेख आणि वनखातं या तीन खात्यांचे कागद एका टेबलावर यायला हवेत. बँकेत तीन शाखांचं एक खातं जुळवताना काय व्हायचं ते मला माहीत आहे, तरी म्हणतो.

नावांचाही एक घोळ आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. पालघर तालुक्यात आमच्याच नावाचं दुसरं सातिवली आहे, तिथं गरम पाण्याची कुंडं आहेत. इंग्रजी अक्षरांतून शोधणाऱ्याला दोन्ही सारखीच. थंडीत एखादं कुटुंब मोटारीतून आमच्या गाळ्यांत येऊन टॉवेलसकट उतरतं आणि कुंडं विचारतं. ओपनस्ट्रीटमॅपवर मराठी नाव मराठीत घालायची सोय आहे. निवृत्तांना वेळ असतो. आपापल्या गावचे ओढे, टेकड्या, पाडे यांची खरी नावं तिथं घातली तर नातवंडांच्या उपयोगी पडतील. या उन्हाळ्यात मी आमच्या बाजूची काही नावं घातली. त्यातली दोन एका वारली आजींनी सांगितली, ती कुठल्याच सरकारी नकाशात नव्हती. घालण्याआधी त्यांना विचारलं. एक तिसरं ठिकाण त्यांनी घालू नका म्हणून सांगितलं, ते घातलं नाही.

भाच्याच्या बेताचं म्हणाल तर चार रविवारांनंतर असं चित्र आहे. सोपारा ते सातिवली सोपं, डांबरीच. तुंगारेश्वर ओलांडायची परवानगी मागितली आहे. न मिळाल्यास पारोळच्या रस्त्याने वळसा, मुक्काम वज्रेश्वरी-गणेशपुरीत. पुढे शहापूरच्या अंगाला समृद्धी महामार्ग आडवा येतो. जून २०२५ मध्ये त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. त्यावर पायी माणसाला मज्जाव आहे, त्यामुळे खालून जाणारे बोगदे आणि मोऱ्या शोधून ठेवाव्या लागतील. जुन्या नकाशांत तो नाहीच, नव्यांत तो आहे पण मोऱ्या नाहीत. वैशाखऱ्यापासून वर नाणेघाटाची फरसबंदी वाट दोन हजार वर्षं जागची हललेली नाही. तिथं मोबाईल खिशात ठेवला तरी चालेल. घाटावर जुन्नरपुढे पैठणपर्यंत साखर कारखान्यांचे रस्ते आणि देवळांचे ओटे आहेत, सावलीची तेवढी चिंता.

अडलं आहे ते शहापूर ते मुरबाड या मधल्या पट्ट्यात, भातसा आणि काळू या दोन नद्यांच्या दरम्यान. तिथल्या रेघा नेटवर फार नाहीत, ज्या आहेत त्या एकमेकींशी जुळत नाहीत. सात गावांच्या गावनकाशांच्या नकला मागितल्या आहेत, चार मिळाल्या, तीन यायच्या आहेत. दिवाळीनंतर गवत वाळलं की एवढाच टप्पा आधी एकदा एसटीने आणि पायी मिळून पाहून यायचं ठरलं आहे. मी शाखेत असताना ज्यांना बैलजोडीचं कर्ज दिलं होतं, त्यातले दोघे त्या वाटेवरच्या गावांत आहेत. त्यांना पत्र टाकलं आहे.